नाव आणि निदान : स्वादुपिंडाच्या विकारांच्या परिभाषेचे परीक्षण

१

रोगाच्या नावाची दोन कार्ये असतात. कधी नाव हा शोधाचा आरंभ असतो : ते उच्चारले की पुढचे प्रश्न सुचतात, कोणती तपासणी करावयाची हे ठरते. कधी नाव हा शोधाचा शेवट असतो : ते उच्चारले की प्रश्न मिटला असे रोग्यास आणि वैद्यास, दोघांसही वाटते. एकच नाव ही दोन्ही कार्ये करू शकते. त्यांपैकी कोणते करील हे त्या नावाच्या घडणीवर, त्याच्या प्रचारावर आणि ते कोण कोणास उद्देशून वापरतो ह्यावर अवलंबून असते. वैद्यकीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, सुबोध असावा की काटेकोर, एवढ्याच प्रश्नांभोवती फिरते. नाव शोधाला पुढे नेते की थांबविते, ही कसोटी तीत क्वचितच लावली जाते. ती लावून पाहण्यास स्वादुपिंडाचे विकार हे एक बोलके आणि तितकेच गंभीर उदाहरण आहे.

पोट फुगणे, जेवणानंतर दुखणे, वरचेवर जुलाब होणे, वजन घटत जाणे अशा तक्रारी वर्षानुवर्षे सांगणाऱ्या रोग्यांपैकी बहुतेकांचा आजार स्वादुपिंडाचा नसतो. परंतु काहींचा असतो. आणि त्या काहींना तो फार उशिरा कळतो. दरम्यान ग्रंथीचा नाश चालू राहतो, शरीर खंगते, मेदाबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे वाया जातात, हाडे दुबळी होतात आणि पुढे मधुमेह जडतो. ह्या विलंबाची काही कारणे भाषेबाहेरची आहेत व ती आरंभीच मान्य केली पाहिजेत. जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात ही ग्रंथी अशी दडलेली आहे की पोट चाचपून तिचा थांग लागत नाही. तिची राखीव शक्तीही मोठी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डिमॅग्नो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, मेद पचविणाऱ्या लायपेजचा स्राव प्राकृत प्रमाणाच्या १० टक्क्यांखाली उतरेपर्यंत मळावाटे न पचलेला मेद जाऊ लागत नाही. म्हणजे नऊ दशांश सामर्थ्य गमावल्यानंतर ही ग्रंथी प्रथम उघडपणे तक्रार करते. तथापि ती तक्रार करते तेव्हा तरी ती ऐकली जाते काय, हा प्रश्न उरतोच; आणि तो केवळ शारीरशास्त्राचा नाही, शब्दांचाही आहे.

२

प्रथम ग्रंथीच्या नावाचाच विचार करू. 'पॅन्क्रिअस' हा शब्द 'सर्व' आणि 'मांस' अशा अर्थांच्या दोन ग्रीक पदांपासून बनलेला आहे. जीत हाड नाही, कूर्चा नाही, असा हा मांसल गोळा. शवविच्छेदन करणाऱ्याच्या डोळ्यांस जे दिसले तेवढेच ह्या नावात उतरले. कार्य ठाऊक नव्हते, म्हणून नावात आले नाही. दुसऱ्या शतकातील गेलनसारख्या थोर वैद्यानेही ही ग्रंथी म्हणजे मागच्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी एक उशी होय, असेच मानले. १६४२ मध्ये पादुआ येथे विर्सुंग ह्याने तिच्यातील नलिका शोधून काढली. त्याच शतकात द ग्राफ ह्याने कुत्र्याच्या शरीरातून तिचा रस गोळा केला. आणि क्लोद बेर्नार ह्याने १८५६ मधील आपल्या प्रबंधात मेदाच्या पचनातील त्या रसाचे स्थान विशद केले. ज्ञान असे पुढे गेले, परंतु नाव जागच्या जागी राहिले.

सर्व भाषांनी मात्र ते तसेच ठेवले नाही. डच भाषेने ग्रीक समासाचे शब्दशः रूपांतर करून 'सर्व-मांस-ग्रंथी' असा शब्द घडविला. शेजारच्या जर्मन भाषेतील रूढ शब्दाचा अर्थ मात्र 'पोटातील लाळग्रंथी' असा होतो. हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे परिभाषेतील दोन वृत्ती स्पष्ट दिसतात. एक शब्द आकार सांगतो, दुसरा कार्य सांगतो. तोंडात लाळ सुटते तसा पोटातही रस सुटतो, तो सुटला नाही तर अन्न पचणार नाही, एवढा बोध जर्मन मुलाला केवळ शब्द ऐकून होऊ शकतो.

मराठीची स्थिती ह्याहून गुंतागुंतीची आहे. प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत 'क्लोम' नावाच्या अवयवाचा उल्लेख येतो. चरक व सुश्रुत दोघेही त्याला टाळूबरोबर उदकवह स्रोतसांचे मूळ म्हणतात. हा क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव ह्याविषयी अर्वाचीन अभ्यासकांत एकमत नाही; कोणी त्याला स्वादुपिंड ठरविले, कोणी पित्ताशय, कोणी श्वासनलिका, तर कोणी उजवे फुप्फुस. ज्या शब्दाचा पदार्थच निश्चित नाही तो पारिभाषिक शब्द म्हणून चालू शकत नाही. तेव्हा मराठीने तो सोडून दिला हे योग्यच झाले. त्याच्या जागी दोन शब्द पुढे आले. मराठी विश्वकोशाने 'अग्निपिंड' हा शब्द स्वीकारला. शालेय पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत 'स्वादुपिंड' हा शब्द रूढ झाला. हिंदीत 'अग्न्याशय' चालतो.

ह्यांपैकी 'अग्निपिंड' हा घडणीच्या दृष्टीने सरस आहे असे म्हणावे लागेल. जठराग्नी, मंदाग्नी, अग्निमांद्य ही कुटुंबीय पदे मराठी वाचकाच्या ओळखीची असल्यामुळे ह्या शब्दातून पचनाशी असलेला संबंध आपोआप सूचित होतो. 'स्वादुपिंडा'त तो संबंध नाही. खाटकाच्या दुकानात जनावराच्या ह्याच ग्रंथीला इंग्रजीत जे नाव आहे त्याच्या पूर्वपदाचा अर्थ 'गोड' असा आहे. त्या नावाशी ह्या समासाचे साम्य उघड आहे. स्वादु म्हणजे रुचकर, म्हणजे खाणाऱ्याच्या दृष्टीने रुचकर! मनुष्यशरीरातील अवयवाचे हे वर्णन मौजेचे खरे, पण त्यातून रोग्याला काहीच कळत नाही.

प्रचारात आल्यावर ह्या शब्दाचे आणखी एक अर्थांतर झाले. १९२१-२२ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि मधुमेहाच्या उपचारात क्रांती झाली. तेव्हापासून सामान्य वाचकाला स्वादुपिंड भेटते ते इन्सुलिनच्याच संदर्भात. स्वादु, गोड, साखर, मधुमेह अशी अर्थसंगती मनात सहज जुळते आणि स्वादुपिंड म्हणजे 'साखरेची ग्रंथी' असा समज दृढ होतो. वस्तुतः इन्सुलिन निर्माण करणारी लँगरहॅन्सची द्वीपके ग्रंथीच्या एकूण वस्तुमानाच्या अवघी एक ते दोन टक्के असतात. उरलेली जवळजवळ सगळी ग्रंथी पाचक रस निर्माण करण्यात गुंतलेली असते. हा रस दिवसाकाठी सुमारे दीड लिटर होतो आणि पिष्ट, प्रथिन व मेद ह्या तिन्ही अन्नघटकांवर त्याची क्रिया चालते. शब्दाने लहान अंश प्रकाशात आणला आणि मोठा अंश अंधारात ठेवला. म्हणूनच रक्तात साखर वाढली म्हणजे रोग्याला स्वादुपिंडाची आठवण होते, पण अन्न पचत नाही तेव्हा होत नाही.

३

आता रोग्याच्या भाषेकडे वळू. पोटाच्या तक्रारी सांगावयास मराठी माणसाजवळ शब्दांची वाण नाही. कळ येते, मुरडा येतो, गुबारा धरतो, मळमळते, डचमळते, आंबट ढेकर येतात, करपट ढेकर येतात, बेंबी सरकते. हे शब्द अनुभवाचे वर्णन करतात व त्यांतील भेद वैद्यास उपयोगी पडतात. परंतु गेल्या काही दशकांत ह्या वर्णनपर शब्दांची जागा 'गॅस', 'ॲसिडिटी' आणि 'पित्त' ह्या तीन शब्दांनी बळकावली आहे. हे शब्द तक्रार सांगत नाहीत, तक्रारीचे कारणच सांगून टाकतात. 'पोट फुगते' असे म्हणणारा रोगी कारण विचारण्यास वाव ठेवतो. 'गॅस झालाय' असे म्हणणारा तो ठेवत नाही.

वाक्यरचनेतही हा बदल दिसतो. 'ताप येतो', 'कळ येते' ह्या रचनांत विकार ही एक घटना असते; घटना केव्हा घडते, कशाने घडते असे विचारता येते. 'मला ॲसिडिटी आहे' ही रचना 'मला दोन भाऊ आहेत' ह्या जातीची आहे. येथे विकार ही घटना राहत नाही, ती व्यक्तीची कायमची मिळकत बनते. जे कायमचे आहे त्याची चौकशी कोण करणार? दहा वर्षे 'ॲसिडिटी असणारा' मनुष्य अकराव्या वर्षी दुखण्याचे स्वरूप पालटले तरी जुनेच वाक्य उच्चारतो.

'पित्त' ह्या शब्दाची कथा अधिक विलक्षण आहे. आयुर्वेदातील तीन दोषांपैकी एक ते पित्त. उलटीतून पडणारे कडू पाणी तेही पित्त. छातीतील जळजळ तेही पित्त. आणि अंगावर गांधी उठल्या म्हणजे 'पित्त उठले' असेच मराठी माणूस म्हणतो. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा रस हा त्याचा अर्वाचीन पारिभाषिक अर्थ. स्वादुपिंडाला एकाएकी सूज येण्याच्या प्रमुख कारणांत पित्ताशयातील खड्यांची गणना होते. खडा खाली सरकून दोन्ही रसांच्या सामाईक तोंडाशी अडकला म्हणजे अनर्थ ओढवतो. तेव्हा 'मला पित्ताचा त्रास आहे' असे म्हणणारा एखादा रोगी अक्षरशः खरे बोलत असू शकतो. मात्र ज्या अर्थाने ते खरे असते तो अर्थ बोलणाऱ्याच्या मनात नसतो आणि पुष्कळदा ऐकणाऱ्याच्याही नसतो.

काही गोष्टी शब्दांच्या गर्दीत हरवतात, तर काही शब्दांच्या अभावी. मळाविषयी बोलणे मराठी शिष्टाचारात वर्ज्य मानले जाते. परसाकडे जाणे, बाहेर जाणे, शौचास होणे ह्या सर्व प्रयोगांत क्रियेचा उल्लेख आहे, पदार्थाचा नाही. वैद्याचा रूढ प्रश्न 'शौचास साफ होते का?' असा असतो. 'साफ' हे क्रियाविशेषण सुलभतेविषयी विचारते, स्वरूपाविषयी नव्हे. स्वादुपिंडाचा रस कमी पडलेल्या रोग्याचा मळ फिकट, तेलकट, फार दुर्गंधीयुक्त, भांड्याला चिकटणारा आणि पाण्याने सहजी वाहून न जाणारा असतो. परंतु तो 'साफ' होत असल्यामुळे रोगी 'होते' असे प्रामाणिकपणे उत्तर देतो व संभाषण पुढे सरकते. निदानाची सर्वांत मोठी खूण अशा रीतीने एका सभ्य प्रश्नाच्या व तितक्याच सभ्य उत्तराच्या मधून निसटून जाते.

वेदनेचेही तसेच. ह्या विकारातील ठराविक वेदना वरच्या पोटात उठते, पाठीकडे जाते आणि पुढे वाकून बसल्याने पुष्कळदा थोडी कमी होते. रोगी मात्र 'पोटात दुखते' आणि 'पाठ धरते' अशी दोन स्वतंत्र वाक्ये बोलतो. कधी दोन निरनिराळ्या डॉक्टरांपुढे बोलतो. पोटाच्या वाक्याला पोटाचे औषध मिळते व पाठीच्या वाक्याला मलम. ही दोन वाक्ये वस्तुतः एकाच वाक्याचे दोन भाग आहेत, हे 'पोटात दुखते तेव्हाच पाठीत भरून येते का?' अशा संयुक्त वाक्यात प्रश्न विचारल्याशिवाय उघड होत नाही.

आणि तरीही मराठीजवळ ह्या विकाराचे मर्म सांगणारा एक नेमका वाक्प्रचार परंपरेने चालत आलेला आहे : 'खाल्लेले अंगी लागत नाही'. भूक आहे, जेवण आहे, पण शरीर वाढत नाही, उलट झिजते. अन्न आत गेले पण अंगाचे झाले नाही. अपशोषण हा विद्वानांचा शब्द ह्याहून अधिक काही सांगत नाही. दुर्दैवाने ह्या वाक्प्रचाराला वैद्यकात प्रतिष्ठा नाही. घरात तो उच्चारला की जंत, दृष्ट, चिंता किंवा 'अंगकाठीच तशी' ही उत्तरे तयार असतात. दवाखान्यात तो उच्चारला तर अतिशयोक्ती समजून सोडून दिला जातो. जो शब्द शोधाचा आरंभ होऊ शकला असता तो असा दुर्लक्षिला जातो, आणि जे शोधाचा शेवट करतात ते शब्द मात्र सर्वतोमुखी होतात.

'पाचक' ह्या शब्दाचा येथेच निर्देश करावयास हवा. आल्यालिंबाचा रस हा पाचक. औषधांच्या दुकानात मिळणारे गोड द्रवही पाचकच. ह्या द्रवांपैकी पुष्कळांत पिष्ट पचविणारे डायस्टेस आणि प्रथिनांवर क्रिया करणारे पेप्सिन किंवा पपेन असते. मेद पचविणारे लायपेज नसते. स्वादुपिंडाची उणीव भरून काढण्यासाठी जे औषध देतात ते जनावराच्या स्वादुपिंडापासून केलेले, जठरातील आम्लापासून जपलेले आणि प्रत्येक जेवणाबरोबर घ्यावयाचे असते. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत मुख्य जेवणाबरोबर लायपेजची ४० ते ५० हजार एकके ही आरंभीची मात्रा सांगितली आहे. ह्या सर्वांना 'पाचक' हे एकच नाव असल्यामुळे, 'पाचके घेऊन पाहिली, गुण आला नाही' ह्या रोग्याच्या विधानाचा अर्थ नेमका काय करावयाचा, हेच ठरत नाही.

४

दोष केवळ लोकभाषेचा आहे असे समजणे अन्यायाचे होईल. विद्वानांच्या परिभाषेतही प्रश्न मिटविणारे शब्द आहेत, आणि त्यांना शास्त्राची प्रतिष्ठा असल्यामुळे ते अधिक प्रभावी ठरतात.

'दाह' हा शब्द पाहा. स्वादुपिंडाच्या विकाराला 'स्वादुपिंडाचा जुनाट दाह' असे म्हणण्याची रूढी आहे. मराठीत दाह म्हणजे आग, जळजळ. ते ऐकून रोगी आपल्या छातीतील जळजळीशी त्याचा मेळ घालतो आणि हा आपल्या जुन्या पित्ताचाच थोरला भाऊ आहे, असा अर्थ लावतो. प्रत्यक्षात ह्या विकारात ग्रंथीचे मूळ ऊतक नष्ट होऊन तिथे तंतुमय ऊतक वाढते, नलिकांत खडे साचतात; जळण्याशी त्याचा संबंध नाही. 'शोथ' हा पर्याय उपलब्ध आहे, तो ह्या गोंधळापासून मुक्त आहे आणि त्याचा स्वीकार होणे इष्ट आहे.

'कार्यात्मक' हा दुसरा शब्द. अवयवाच्या रचनेत दोष आढळला नाही म्हणजे पोटाच्या विकाराला कार्यात्मक म्हणावयाचे, असा वैद्यकातील संकेत. परंतु स्वादुपिंडाचा रस न स्रवणे ह्याहून अधिक 'कार्यात्मक' दोष तो कोणता? शब्दाचा वाच्यार्थ एक आणि संकेतार्थ त्याच्या जवळजवळ उलट, अशी ही स्थिती. जाणत्यांनाही ती खटकली असावी. 'रोम' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञमंडळाच्या २०१६ च्या निकषांत ह्या विकारांचे 'आतडे व मेंदू ह्यांच्या परस्परक्रियेचे विकार' असे नवे वर्णन करण्यात आले.

नाव देऊन थांबण्याने काय सुटते ह्याचा एक अंदाज इंग्लंडमधील शेफील्ड येथील अभ्यासावरून येतो. लीड्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ह्या अभ्यासात, जुलाबप्रधान क्षोभशील आतड्याचे निकष पूर्ण करणाऱ्या ३१४ रोग्यांच्या मळातील इलास्टेज मोजले. त्यांपैकी ६.१ टक्के रोग्यांत ते स्वादुपिंडाची उणीव सुचविण्याइतके कमी निघाले, आणि पाचक विकरे दिल्यावर ह्या रोग्यांच्या जुलाबांत सुधारणा दिसली. येथे ६.१ हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावयास हवा. शंभरांतील सुमारे चौऱ्याण्णवांच्या बाबतीत स्वादुपिंडाचा संशय व्यर्थ ठरला. परंतु उरलेल्या सहांच्या बाबतीत 'क्षोभशील' ह्या विशेषणाने आतड्याला दोष दिला आणि खरा अपराधी मोकळा राहिला.

मधुमेहाच्या नामकरणात हाच प्रकार आणखी ठळकपणे दिसतो. स्वादुपिंडाच्या विकारातून उद्भवलेल्या मधुमेहाला शास्त्रात 'टाइप ३ सी' असे नाव आहे. हे नाव नव्हेच. वर्गीकरणाच्या यादीतील तिसऱ्या गटाचे तिसरे पोटकलम, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडमधील प्राथमिक वैद्यकीय सेवेच्या नोंदींवर आधारलेला वुडमॅन्सी व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह झालेल्या प्रौढांपैकी ८७.८ टक्क्यांची नोंद 'टाइप २' अशी झाली होती. योग्य नावाने नोंद झालेले अवघे २.७ टक्के. प्रचलित आणि सुलभ नावापुढे कलमक्रमांकाचा टिकाव लागत नाही, हे परिभाषाकारांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे वाक्य नित्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात सापडते. आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसू शकले नाही, अशा आशयाचे हे वाक्य तंत्रज्ञांच्या दृष्टीने संपूर्ण प्रामाणिक आहे. वायूच्या पलीकडे ध्वनिलहरी जात नाहीत. म्हणून अवयव पाहता आला नाही, एवढेच ते सांगते. आता ते वाक्य मराठीत रोग्यापर्यंत कसे पोचते ते पाहावे. 'सोनोग्राफीत काही दिसले नाही.' ह्या एका वाक्याचे दोन अर्थ होतात : अवयव पाहिला व दोष दिसला नाही, हा एक; अवयवच दिसला नाही, हा दुसरा. पहिला अर्थ निष्कर्ष आहे, दुसरा निष्कर्षाचा अभाव आहे. रोगी पहिला अर्थ घेतो. घाईत असलेला वैद्यही कधी कधी तोच घेतो. शिवाय अहवालात 'वायू' हा शब्द असतोच. आजवर 'गॅस'च म्हणत आलेल्या रोग्याला त्यात आपल्या निदानाची छापील संमती मिळते. तपासणीच्या आड आलेली वस्तूच तपासणीचे उत्तर म्हणून स्वीकारली जाते. परिभाषेतील संदिग्धता किती महाग पडू शकते, हे दाखविण्यास ह्याहून वेगळे उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

५

नावाने संशोधनाची दृष्टीच कशी बांधली जाते ह्याचा इतिहास भारतातच घडला आहे. १९५९ मध्ये झुइडेमा ह्यांनी इंडोनेशियातील कुपोषित रोग्यांत स्वादुपिंडात खडे साचत असल्याचे वर्णन केले. पुढे केरळात डॉ. गीवर्गीस ह्यांनी अशा रोग्यांचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या रोग्यांची जीवनकथा थोडक्यात अशी की, बालपणी पोटदुखी, वयात येता येता मधुमेह आणि ऐन तारुण्यात मृत्यू. बालपणीची ती पोटदुखी हाच निदानाचा काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या चर्चेत कशाची बाजी लागली आहे ते कळते.

ह्या विकाराला 'उष्णकटिबंधीय' असे विशेषण चिकटले. विशेषण भूगोलाचे, परंतु ते हळूहळू कारणाचे काम करू लागले. उष्ण प्रदेश, म्हणून दारिद्र्य, म्हणून कुपोषण, म्हणून टॅपिओकाचा कंद, अशी विचारसाखळी तयार झाली. ह्या कंदातील सायनाइडजनक द्रव्ये ग्रंथीचा नाश करीत असावीत, असा तर्क मॅकमिलन व गीवर्गीस ह्यांनी १९७९ मध्ये मांडला. तर्क विचारार्ह होता; पण जेथे हा कंद खाल्ला जात नाही तेथेही हा विकार आढळत होता. २००२ मध्ये ह्या रोग्यांत ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या एका जनुकातील दोष मोठ्या प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध झाले. तोच दोष युरोपातील कारण न सापडलेल्या रोग्यांतही त्यापूर्वीच, २००० मध्ये, आढळला होता. उष्णकटिबंधाची सीमा तेथेच पुसली गेली. २००८ मध्ये बालकृष्णन व सहकाऱ्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील १,०८६ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत जुन्या व्याख्येत चपखल बसणारे 'उष्णकटिबंधीय' रोगी ४ टक्क्यांहूनही कमी निघाले. मद्यपानाशी संबंध असलेले सुमारे ३९ टक्के आणि कारण अज्ञात असलेले सुमारे ६० टक्के होते.

ह्या आकड्यांचा परिभाषेच्या दृष्टीने अर्थ असा की, दीर्घकाळ ज्या नावाने ह्या रोगाचे चित्र रंगविले त्या चित्रात प्रत्यक्ष रोगी बसतच नव्हते. शहरात राहणारा, मद्य न घेणारा, पोटभर जेवणारा मनुष्य 'उष्णकटिबंधीय' ह्या शब्दाने डोळ्यांपुढे येत नाही. जो डोळ्यांपुढे येत नाही त्याच्याविषयी संशयही येत नाही. ह्या साठ टक्क्यांसाठी वैद्यकात जो ग्रीक शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थ 'स्वतःचीच व्यथा' असा आहे व तो ऐकताना काहीतरी सांगितले गेले असा भास होतो. त्याचे मराठी रूप 'अज्ञातहेतुक' असे आहे. ते अज्ञान लपवीत नाही आणि म्हणून अधिक शास्त्रीय आहे. अनुवाद हा मुळापेक्षा दुय्यमच असतो, ह्या समजाला हा एक चांगला अपवाद आहे.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, निदान तपासण्यांनी होते, शब्दांनी नव्हे. हे खरे आहे. परंतु कोणती तपासणी करावयाची हे शब्दच ठरवितात. जुनाट विकारात रक्तातील ॲमिलेज पुष्कळदा प्राकृत असते, आरंभीच्या अवस्थेत सोनोग्राफी पुष्कळदा निरुपयोगी ठरते. तेव्हा पुढील तपासणीपर्यंत जाण्याचे कारण रोग्याच्या कथनातच शोधावे लागते. कथन सदोष नोंदले गेले तर उत्तम यंत्रही चुकीच्या जागी लावले जाते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. शब्दांविषयी अशी सावधगिरी शिकविली तर पोट फुगलेला प्रत्येक मनुष्य स्वादुपिंडाची धास्ती घेईल, नव्या नावाचेही 'गॅस'सारखेच होईल. ही भीती निराधार नाही. मळ पाण्यासारखा पातळ असेल तर इलास्टेजचे प्रमाण खोटेच कमी दिसते. तेवढ्यावरून निदान केल्यास निरोगी ग्रंथीवर आळ येईल. म्हणून 'गॅस'च्या जागी 'स्वादुपिंड' हा शब्द बसविणे हा उपाय नव्हे. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह होणे आणि त्याचबरोबर विनाकारण वजन उतरणे, पोटातून पाठीत जाणारी वेदना, खाऊनही अंगी न लागणे, तेलकट मळ ही लक्षणे एकत्र आली तर जुने नाव पुन्हा उघडून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे. अशा नव्या मधुमेह्यांपैकी फारच थोड्यांत त्याच्या मुळाशी स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. पण ज्यांत निघतो त्यांच्या बाबतीत काही महिन्यांचे अंतरही निर्णायक ठरू शकते.

परिभाषेच्या बाजूने करावयाचे काम मोजके आहे. 'स्वादुपिंड' हा शब्द आता रुजला आहे व तो उपटून 'अग्निपिंड' लावण्याचा खटाटोप व्यर्थ होईल; मात्र पाठ्यपुस्तकांनी त्याची पहिली ओळख इन्सुलिनऐवजी पाचक रसाने करून द्यावी. 'दाह' ऐवजी 'शोथ' वापरावा. 'अज्ञातहेतुक' हा शब्द न संकोचता योजावा. अहवालाचे मराठीत कथन करताना 'दोष दिसला नाही' आणि 'अवयव दिसला नाही' ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. रोग्याची हकीकत नोंदविताना त्याने दिलेले नाव नव्हे, तर त्याने केलेले वर्णन लिहून घ्यावे. आणि 'साफ होते का?' ह्या प्रश्नास 'कसे होते?' ह्या प्रश्नाची जोड द्यावी. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते म्हणावयाचे तर, दवाखान्यातील संभाषण हे बोलींच्या अभ्यासाइतकेच मोलाचे आणि अद्याप फारसे न पाहिलेले क्षेत्र आहे. तेथील शब्दांची नोंद पद्धतशीर झाली तर 'खाल्लेले अंगी लागत नाही' ह्यासारखे आणखी किती वाक्प्रचार आज ऐकून सोडून दिले जात आहेत, ते कळून येईल.